महाग क्रीम त्वचेत किती खोलवर जाते?

औषधाच्या दुकानातील काचेच्या कपाटात परवा एका क्रीमच्या डबीवर ‘कोलाजेनयुक्त’ अशी सोनेरी अक्षरे दिसली आणि तिच्या तळाशी चार आकडी किंमत. वय वाढते तसे त्वचेला घट्टपणा देणारे कोलाजेन हे प्रथिन कमी होते, हे खरे आहे. त्यामुळे ते वरून चोळल्यास तूट भरून निघेल, हा समज कोणालाही सहज पटतो. तो का टिकत नाही, हे कळण्यासाठी त्वचेचा सर्वांत वरचा थर पाहावा लागतो.

या मृत पेशींच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तळहात आणि तळपाय सोडल्यास त्याची जाडी अवघी ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या फार तर पाचव्या हिश्शाइतकी असते. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या पेशींचे १५ ते २० थर विटांसारखे रचलेले असतात आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. आतले पाणी आत आणि बाहेरचे पदार्थ बाहेर ठेवणे, हे या भिंतीचे काम. बॉस आणि मेइनार्डी या संशोधकांनी २००० साली असे मांडले की, साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) जास्त रेणुभार असलेले पदार्थ निरोगी त्वचेतून आत शिरू शकत नाहीत. कोलाजेनचा रेणुभार सुमारे ३,००,००० डाल्टन आहे. इन्सुलिनचा त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतका, सुमारे ५,८००; तरीही मधुमेही व्यक्तीला ते सहसा टोचूनच घ्यावे लागते. कोलाजेन नुसते चोळून आत जात असते, तर इन्सुलिनचे मलम केव्हाच बाजारात आले असते.

मग क्रीमने त्वचा मऊ होते, ती कशी? अर्व्हिन ब्लँक यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग साधे आणि सुंदर आहेत. त्यांनी घट्ट्याच्या कडक त्वचेचे वाळलेले तुकडे तेलकट पदार्थांत ठेवले, तरी ते ठिसूळच राहिले. पाणी मिळाले तेव्हाच ते लवचिक झाले. शृंगस्तराला मऊपणा पाण्याने येतो, आणि तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे. याच्या मुळाशी आणखी एक गंमत आहे. शृंगस्तरातील पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाचण्यांनी जोडलेल्या असतात आणि वरच्या पेशी गळून पडण्यापूर्वी काही विकरे (एन्झाइम) त्या टाचण्या तोडतात. या विकरांना पाणी लागते. हिवाळ्यात पाणी कमी पडले की टाचण्या अर्धवट तुटतात, पेशी एकेक करून न दिसता गळण्याऐवजी झुबक्यांनी सुटतात आणि आपल्याला पांढरा कोंडा दिसतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, त्यामुळे ही तोडणी सुरळीत चालते; शिवाय कोरड्या हवेत गिलाव्यातील मेदरेणूंची रचना स्फटिकासारखी ताठर होऊ लागते, तिलाही ते प्रवाही ठेवते. ग्लिसरीनचा रेणुभार ९२ आहे आणि किंमत किरकोळ. पेट्रोलियम जेली त्वचेतून होणारे बाष्पीभवन ९८ टक्क्यांपर्यंत रोखू शकते. कोकणात टाचांच्या भेगांना कोकमतेल लावतात, तेही पाय धुऊन, त्वचा ओलसर असतानाच लावले, तर याच कारणाने अधिक उपयोगी ठरते.

महाग डबीत पैसे मुख्यतः स्पर्श, सुगंध, बाटली आणि जाहिरात यांसाठी मोजले जातात. चिकटपणा नको असणे ही रास्त अपेक्षा आहे आणि तिची किंमत द्यायला हरकत नाही. मात्र सुगंधी द्रव्ये ही त्वचेच्या ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहेत. सोन्याचा वर्ख घातलेल्या फेशियलबद्दल एवढेच सांगता येईल की, सोने सहसा कशाशीच अभिक्रिया करत नाही म्हणून त्याचे दागिने करतात, आणि चेहऱ्यावरही ते आपला हा स्वभाव सोडत नाही.

किमतीला थोडा आधार मिळतो तो ‘क’ जीवनसत्त्वाच्या सीरममध्ये. शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू (पीएच) ३.५ पेक्षा कमी असावा लागतो, आणि हवा व प्रकाश लागताच ते पिवळे-तपकिरी पडून निकामी होते. त्यामुळे चांगली घडण आणि हवाबंद, अपारदर्शक बाटली यांवरचा खर्च खरा असतो. याउलट नियासिनमाइड हे ‘ब-३’ जीवनसत्त्वाचे एक रूप (१२२ डाल्टन) स्थिर आणि स्वस्त आहे, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी महाग सीरम घेण्याचे कारण दिसत नाही. स्वस्त म्हणजे निर्धोक, असेही मात्र नाही: आठवड्यात गोरे करण्याचा दावा करणाऱ्या, घटकांची यादी नसलेल्या क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड असू शकते, आणि पारा त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो.

सुरकुत्यांचीच चिंता असेल, तर सर्वांत भक्कम पुरावा सनस्क्रीनच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांचा साडेचार वर्षे अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावण्यास सांगितलेल्या गटात त्वचेचे वार्धक्य, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्के कमी आढळले. वापरलेले सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा) १५ चे होते. इथे महाग वस्तू उलट नडते, कारण डबीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो, आणि महाग वस्तू माणूस हात राखून वापरतो. चेहरा आणि गळा मिळून ६०० चौरस सेंटीमीटर धरले, तर एका वेळी १.२ ग्रॅम लागते. दिवसातून एकदाच लावले, तरी ५० ग्रॅमची ट्यूब ४१ दिवसांत संपायला हवी.