रँचवरून थेट गोमांस-खरेदी (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, विशेषतः मध्यपश्चिमेतील आणि रॉकी पर्वतालगतच्या राज्यांतील अनेक कुटुंबे गोमांस दुकानातून थोडेथोडे न घेता गुरे पाळणाऱ्याकडूनच एक अख्खे, अर्धे किंवा पाव जनावर एकदम विकत घेतात. कत्तल आणि कापणी जवळपासच्या लहान कत्तलखान्यात होते, मांसाच्या पुड्या गोठवल्या जातात आणि त्या पुढे सहा महिने ते वर्षभर पुरवल्या जातात. गुरांच्या विस्तीर्ण कुरणाला तेथे रँच म्हणतात. प्रत्यक्षात विकणारा पुष्कळदा वीस-पंचवीस गुरे बाळगणारा साधा शेतकरीही असतो. महाराष्ट्रात आखाडात किंवा गावच्या जत्रेला चार-सहा घरे मिळून बोकड घेतात आणि त्याचे वाटे घालतात, ती रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्यवहाराचा गाभा चटकन कळेल. येथे भाव तुकड्याचा नसतो, वाट्याचा असतो, आणि वाट्यात मऊ मांसाबरोबर चिवट मांस, हाड आणि चरबीही येते. (गोमांसापुरते पाहता हा व्यवहार महाराष्ट्रात संभवत नाही, कारण १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईंच्या आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आहे.)

ही पद्धत नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडात व अमेरिकेच्या काही भागांत शेतकऱ्यांच्या 'बीफ रिंग' असत. साधारण वीस कुटुंबे एकत्र येत आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला एकेका कुटुंबाचे जनावर कापले जाई. बर्फाशिवाय मांस टिकत नसल्यामुळे एका घराला अख्खे जनावर कापून चालत नसे; म्हणून प्रत्येकाला दर आठवड्याला जनावराचा निराळा भाग पाळीपाळीने मिळे आणि हंगाम संपेपर्यंत प्रत्येकाच्या पदरात जवळपास एका जनावराचे सगळे भाग पडत. भिशीत पैसे फिरतात तसे येथे मांस फिरत होते. १९३० आणि १९४० च्या दशकांत गावोगावी सामाईक शीतगृहे निघाली. तेथे कुटुंबे भाड्याने कप्पा घेऊन आपले मांस ठेवीत. या कप्प्याला लॉकर म्हणत, आणि पुढे घरोघरी फ्रीझर आल्यावर कप्पे गेले तरी मध्यपश्चिमेतल्या लहान कत्तलखान्यांना 'मीट लॉकर' हे नाव आजतागायत चिकटून राहिले आहे.

सुपरमार्केटच्या काळात ही रीत मागे पडली, तरी खेड्यांतून ती कधीच संपली नाही. २०२० च्या वसंतात कामगारांमध्ये कोविडची लागण होऊन मोठमोठे मांसप्रक्रिया कारखाने काही काळ बंद पडले, तेव्हा शहरी ग्राहकांनाही तिची आठवण झाली. अमेरिकेत कत्तलीसाठी पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के गुरे टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्यांकडे जातात, त्यामुळे थोडेच कारखाने थांबले तरी एकीकडे दुकानातील फळ्या रिकाम्या राहिल्या आणि दुसरीकडे पशुपालकाच्या दारात तयार गुरे तुंबली. लहान कत्तलखान्यांत मात्र कित्येक महिने पुढचा नंबर लागू लागला. त्यानंतर दीर्घ दुष्काळामुळे गुरांची संख्या घटत गेली. १ जानेवारी २०२५ रोजी देशात ८ कोटी ६७ लाख गुरे होती, हा १९५१ नंतरचा नीचांक होता. त्याच वर्षी खिम्याचा सरासरी किरकोळ भाव पौंडाला ६ डॉलरच्या वर गेला. महागाईत काटकसर म्हणून या खरेदीकडे पाहणाऱ्यांची संख्या वाढली, ती या पार्श्वभूमीवर.

व्यवहाराची कायदेशीर चौकट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळेच खरेदीला हे विशिष्ट रूप आले. १९०६ च्या संघीय मांस-तपासणी कायद्यानुसार विक्रीसाठी जाणाऱ्या प्रत्येक जनावराची कत्तलीआधी आणि कत्तलीनंतर सरकारी निरीक्षकाकडून तपासणी व्हावी लागते. १९६७ च्या दुरुस्तीनंतर संघीय तपासणीच्या तोडीची तपासणी राज्यांनाही करता येऊ लागली. मात्र स्वतःच्या मालकीचे जनावर स्वतःच्या घरासाठी कापून घेणाऱ्याला यातून सूट आहे. तसले मांस मालक, त्याच्या घरची माणसे, पैसे न देणारे पाहुणे आणि त्याचे नोकर एवढ्यांनीच खावे लागते, ते विकता येत नाही आणि त्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असतो. ही सूट वापरायची तर ग्राहक कत्तलीपूर्वीच जनावराचा मालक झालेला असला पाहिजे. म्हणून पशुपालक मांस विकत नाही, तो जिवंत जनावराचा वाटा विकतो. पुढे कापणीचे पैसे ग्राहक बहुधा थेट कत्तलखान्याला देतो. अशा कत्तलखान्याची स्वच्छता अधूनमधून तपासली जाते, पण एकेक जनावर निरीक्षकाच्या नजरेखालून जात नाही, ही गोष्ट ग्राहकाने मनाशी स्पष्ट ठेवावी. ज्याला ते नको असेल त्याने तपासणी होणाऱ्या कत्तलखान्यात माल पाठवणारा विक्रेता शोधावा. तेथे सुटे तुकडेही घेता येतात, परंतु भाव चढा असतो. कोलोरॅडो आणि वायोमिंग या राज्यांनी अलीकडे वाट्यांच्या विक्रीला कायद्याने अधिक मोकळीक दिली आहे.

बचतीचा सारा हिशेब वजनावर अवलंबून असतो आणि नवखा ग्राहक फसतो तो येथेच. वजने तीन असतात. पहिले जिवंत जनावराचे. दुसरे डोके, कातडे, पाय आणि आतडी काढल्यावर आकड्याला टांगलेल्या धडाचे, ज्याला हँगिंग वेट म्हणतात. बहुतेक ठिकाणी भाव याच वजनावर सांगितला जातो. तिसरे, हाडे व जादा चरबी काढून घरी येणाऱ्या मांसाचे. १,२०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५४५ किलोंच्या खच्ची केलेल्या गोऱ्ह्याचे धड साधारण ७४० पौंड भरते आणि घरी जेमतेम ४८० पौंड मांस येते. धड दहा-चौदा दिवस थंड खोलीत टांगून मुरवतात तेव्हा पाणी सुकून वजन आणखी घटते. मांस त्याने मऊ आणि चवदार होते, त्यामुळे ही घट तोटा समजू नये.

केवळ हिशेबासाठी काही आकडे धरू. अर्ध्या जनावराचे टांगलेले वजन ३७० पौंड आणि भाव पौंडाला साडेचार डॉलर असेल तर १,६६५ डॉलर पशुपालकाला जातील. कापणी व बांधणी पौंडाला १ डॉलर धरली तर ३७० डॉलर आणि कत्तलीच्या शुल्काचा वाटा ६० डॉलर, म्हणजे एकूण २,०९५ डॉलर. घरी २४० पौंड मांस आले तर खरा भाव पौंडाला सुमारे ८ डॉलर ७३ सेंट पडतो. साडेचार डॉलर ऐकून आनंदलेल्या माणसाला हा आकडा जड वाटेल, तरीही तो वाईट नाही, कारण याच भावात रिब (बरगडी) आणि लॉइन (कंबरेवरचा भाग) यांचे स्टेक, म्हणजे मऊ मांसाचे जाड काप, येतात आणि दुकानात त्यांची किंमत याहून बरीच जास्त असते. उलट, घरात मुख्यतः खिमाच खाल्ला जात असेल तर त्या कुटुंबाची बचत होत नाही, तोटाच होतो. मिळालेल्या मांसात खिम्याचा हिस्सा एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक असतो आणि तो स्टेकच्याच भावाने पडलेला असतो. पाठीच्या, कमी राबणाऱ्या स्नायूंचे मऊ मांस फार थोडे निघते. त्यातले सर्वांत मऊ, टेंडरलॉइन नावाचे मांस अर्ध्या जनावरात जेमतेम दोन किलो असते. खांदा, मांडी, छाती आणि नळी यांचे मांस मंद आचेवर तासन्तास शिजवावे लागते. ते शिजवण्याची हौस आणि सवड ज्या घरात आहे, तेथेच हा सौदा खऱ्या अर्थाने स्वस्त ठरतो.

कत्तलखाना ग्राहकाकडून 'कट शीट' नावाचा कागद भरून घेतो. स्टेक किती जाड, एका पुडीत किती, रोस्टचा (अख्खा भाजायचा) तुकडा किती वजनाचा, खिमा किती चरबीचा, असे सगळे त्यात आधीच सांगावे लागते. हाडे, काळीज, जीभ, हृदय, शेपूट आणि चरबी हवी असल्यास तसे लिहावे लागते, नाहीतर कित्येक ठिकाणी ती टाकून दिली जातात. हाडांचा रस्सा आणि वितळवलेली चरबी वापरणाऱ्या घराला हा भाग जवळपास फुकट पडतो. म्हणून कागद घाईने भरू नये. पाव जनावर घेताना पुढचा पाव मिळणार, मागचा मिळणार की दोन्हींचे मिश्रण मिळणार हे विचारावे, कारण मऊ भाग बहुतेक मागे आणि रिबमध्ये असतात. जनावर ३० महिन्यांहून मोठे असल्यास २००४ पासून लागू झालेल्या नियमांमुळे पाठीचा कणा काढून टाकावा लागतो आणि हाडासकटचे टी-बोन स्टेक मिळत नाहीत. हा नियम 'मॅड काऊ' रोगाच्या भीतीतून आला.

जनावर शेवटपर्यंत गवतावर वाढले की अखेरचे काही महिने मका खाऊन, यानेही चव आणि किंमत बदलते. गवतावरच्या जनावराला तयार व्हायला जास्त काळ लागतो, त्याचे मांस कमी चरबीचे असते आणि चरबीला पिवळसर छटा असते. मात्र अमेरिकी कृषिखात्याने गवतावर पोसलेल्या मांसासाठीचे आपले विपणन-मानक जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतले, त्यामुळे नुसत्या लेबलावर विसंबू नये. थेट खरेदीचा मोठा फायदा हा की ग्राहकाला कुरणावर जाऊन चारा, औषधे आणि गुरांची स्थिती स्वतः पाहता व विचारता येते. पशुपालकालाही लिलावाच्या बाजारात पडेल त्या भावाऐवजी आपला भाव सांगता येतो.

साठवणीसाठी ३५ ते ४० पौंड मांसाला साधारण एक घनफूट जागा लागते. पाव जनावरासाठी चार घनफूट पुरतात. अर्ध्या जनावरासाठी सात-आठ घनफुटांचा वेगळा फ्रीझर घ्यावा लागतो आणि त्याची किंमत व वीज पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरावी लागते. उणे १८ अंश सेल्सिअसला मांस सुरक्षित राहते, पण चव टिकण्यासाठी खिमा तीन-चार महिन्यांत आणि स्टेक वर्षाच्या आत संपवावेत. निर्वात पिशवीतले मांस कागदात बांधलेल्यापेक्षा चांगले टिकते. वीज गेल्यास भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो, आणि त्यानंतरही ज्या मांसात बर्फाचे कण शिल्लक असतील ते पुन्हा गोठवता येते.