भूप्रसारित डिजिटल टीव्हीचे ग्रहण

जमिनीवरच्या उंच मनोऱ्यावरून रेडिओलहरींनी सोडलेला टीव्हीचा डिजिटल संकेत घरच्या ॲन्टेनाने पकडायचा आणि त्याचे पुन्हा चित्र व आवाज करायचे, याला भूप्रसारित डिजिटल टीव्हीचे ग्रहण म्हणतात. यात उपग्रह नाही, केबलवाला नाही, इंटरनेटही नाही. वाहिन्यांचे मासिक भाडे बहुधा नसते; ब्रिटनसारख्या देशात टीव्ही परवान्याचे वार्षिक शुल्क तेवढे भरावे लागते. मराठी वाचकाला ॲन्टेना म्हटले की 1980 च्या दशकातली गच्ची आठवते आणि वरून ‘आता आलं का?’ असे ओरडणारा घरातला कुणीतरी. युरोपातला ॲन्टेना त्या दशकाबरोबर अडगळीत गेला नाही. त्याच छपरावर, त्याच दिशेला तोंड करून तो डिजिटल झाला. ब्रिटनमध्ये ही सेवा 15 नोव्हेंबर 1998 रोजी सुरू झाली, तर विनामूल्य वाहिन्यांचा ‘फ्रीव्ह्यू’ हा संच 30 ऑक्टोबर 2002 पासून मिळू लागला. तिथल्या एका प्रादेशिक ट्रान्समीटरकडे, यॉर्कशायरमधल्या एम्ली मूरकडे पाहिले की या तंत्राचे बहुतेक सगळे गुण-अवगुण दिसतात.

हडर्सफील्ड शहराजवळच्या टेकाडावर हा 330 मीटर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला काँक्रीटचा मनोरा उभा आहे. ताणाच्या तारांविना स्वतःच्या पायावर उभी असलेली ब्रिटनमधली ही सर्वांत उंच वास्तू. लंडनची ‘शार्ड’ इमारतही त्याहून ठेंगणी आहे. इथला पहिला मनोरा 1956 चा. पुढे 1960 च्या दशकात त्याच्या जागी पोलादी नळीचा, तारांनी ताणलेला 386 मीटरचा खांब आला. 19 मार्च 1969 च्या संध्याकाळी, पाच वाजून गेल्यावर, तो कोसळला. खांबावर आणि तारांवर बर्फाचे थर चढले होते. चौकशीत मात्र दोष एकट्या बर्फावर आला नाही: मंद पण एकसारख्या वाऱ्याने खांब लयीत डोलू लागला होता आणि हे डोलणेच घातक ठरले. एक तार जवळच्या प्रार्थनामंदिरावर पडून त्याचे छप्पर चिरत गेली, पण जीवितहानी झाली नाही. बेलमाँट आणि विंटर हिल इथल्या त्याच जातीच्या खांबांत मग डोलणे शमवण्यासाठी जड साखळ्या टांगल्या गेल्या. काँक्रीटचा मनोरा जानेवारी 1971 मध्ये कामाला लागला आणि 2002 मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. टीव्हीच्या टॉवरला वारसा म्हणून जपणे आपल्याकडे अजून कुणाला सुचलेले नाही.

एवढ्या उंचीचे कारण अगदी साधे आहे. टीव्हीच्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी मधेच वळते. 330 मीटरवरून सपाट जमिनीवर पाहिले, तर रेडिओलहरींचे क्षितिज साधारण 75 किलोमीटरवर येते. मनोरा मुळातच टेकाडावर असला की ते आणखी लांबते, आणि मधे डोंगर आला की तिथेच संपते. शेफील्ड हे सगळे चढउतारांचे शहर. एम्ली मूर फार लांब नसूनही त्याच्या कित्येक वस्त्या टेकड्यांच्या सावलीत येतात. त्यांच्यासाठी शहरातल्याच क्रॉसपूल टेकडीवर वेगळे सहक्षेपण केंद्र, म्हणजे मुख्य मनोऱ्याचा संकेत घेऊन पुन्हा सोडणारे छोटे केंद्र, आहे. मुख्य मनोऱ्याच्या लहरी आडव्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे आडव्या कंप पावणाऱ्या, तर अशा छोट्या केंद्रांच्या बहुधा उभ्या. म्हणून एखाद्या गल्लीतल्या ॲन्टेनांच्या काड्या जमिनीला समांतर आहेत की उभ्या, एवढे पाहूनही ती गल्ली कोणत्या केंद्रावर आहे याचा अंदाज बांधता येतो.

जुन्या ॲनालॉग पद्धतीत 8 मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात एकच वाहिनी मावत असे. डिजिटलमध्ये त्याच पट्ट्यातून आकड्यांचा एक प्रवाह जातो. त्यात अनेक वाहिन्या, रेडिओ आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक एकत्र गुंफलेले असते. या गाठोड्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. ब्रिटनमध्ये डीव्हीबी-टी या मानकाच्या एका मल्टिप्लेक्समधून सेकंदाला सुमारे 24 मेगाबिट जातात आणि हाय डेफिनिशनसाठी वापरल्या जाणाऱ्या डीव्हीबी-टी2 मधून सुमारे 40. पट्टा तेवढाच राहून माल दीडपटीहून जास्त जातो. टी2 न समजणाऱ्या जुन्या टीव्हीला मात्र त्या मल्टिप्लेक्सचा पत्ताही लागत नाही, आणि ॲन्टेनाची कुरकुर करणाऱ्या कित्येकांची खरी अडचण टीव्हीच्या वयात असते.

आता ज्याला ‘डबल चित्र’ म्हणत असू, त्या दुखण्याकडे. थेट आलेली लहर आणि समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा आलेली लहर, दोन्ही ॲन्टेनात शिरत आणि पडद्यावर निवेदिकेशेजारी तिची फिकट जुळी बहीण दिसे. डिजिटलने हे दुखणे मुळापासून काढले. आकड्यांचा प्रवाह एकाच वेगवान धारेत न सोडता तो हजारो संथ धारांत वाटला जातो. डीव्हीबी-टीच्या 8के प्रकारात अशा 6,817 वाहक लहरी असतात. प्रत्येक चिन्ह, म्हणजे एका वेळी पाठवलेला आकड्यांचा तुकडा, 896 मायक्रोसेकंद टिकते आणि त्याच्या आधी थोडा मोकळा काळ ठेवलेला असतो. हा काळ 28 मायक्रोसेकंदांचा असेल, तर 8 किलोमीटरपेक्षा थोडा जास्त वळसा घालून आलेला प्रतिध्वनीसुद्धा या मोकळ्या जागेत विरून जातो आणि चित्राला धक्का लागत नाही.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ॲनालॉग टीव्ही हळूहळू आजारी पडायचा. आधी थोड्या मुंग्या, मग जास्त मुंग्या, मग रंग गायब, शेवटी नुसता खरखराट. पण मुंग्यांच्या वारुळातूनही क्रिकेटचा स्कोअर वाचता यायचा. डिजिटल संकेतात चुका दुरुस्त करणारी जादा माहिती भरलेली असते. चुका तिच्या आवाक्यात आहेत तोवर चित्र स्वच्छ राहते, मग ॲन्टेना कितीही गंजलेला असो. आवाका संपला की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. स्वच्छ आणि काळा यांच्यात अंतर फार थोडे असते, जणू डोंगराचा कडाच. टीव्हीचा मेनू संकेताची तीव्रता आणि गुणवत्ता वेगवेगळी दाखवतो. लोक तीव्रतेचा पट्टा पाहून निर्धास्त होतात, पण पाहायची असते ती गुणवत्ता: ती कड्याच्या किती जवळ आहे, हे चांगले चित्र स्वतः कधीच सांगत नाही.

या स्वभावाचा फायदा प्रसारकांना होतो. ॲनालॉगच्या काळात एम्ली मूरवरून 870 किलोवॉट प्रभावी शक्तीने प्रसारण होत असे. सप्टेंबर 2011 मध्ये तिथला ॲनालॉग बंद झाल्यावर मुख्य डिजिटल मल्टिप्लेक्सना 174 किलोवॉट, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा पुरला. अख्ख्या ब्रिटनमधला ॲनालॉग 24 ऑक्टोबर 2012 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये शेवटचा मावळला.

घरच्या बाजूला मुख्य साधन आजही तेच, माशाच्या काट्यासारखा यागी-उदा ॲन्टेना. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या जपानी संशोधकांनी तो 1926 मध्ये मांडला. ‘डिजिटल ॲन्टेना’ अशी पाटी लावून जास्त दाम घेणारे दुकानदार सगळीकडे भेटतात, पण धातूच्या काड्यांना डिजिटल-ॲनालॉग काही कळत नाही. त्यांना कळते ती कंप्रता. म्हणून ब्रिटनमध्ये चॅनेलांच्या पट्ट्यांप्रमाणे ॲन्टेनांचे गट पाडलेले आहेत आणि दांड्याच्या टोकाच्या प्लॅस्टिकच्या बुचाचा रंग गट सांगतो: अ गटाला लाल, ब गटाला पिवळे, क-ड गटाला हिरवे आणि सगळा पट्टा घेणाऱ्याला काळे. एम्ली मूरचा परिसर परंपरेने पिवळ्या बुचांचा. पुढे वरचे पट्टे मोबाइल कंपन्यांना दिले गेले, आधी 800 मेगाहर्ट्झचा आणि 2020 पर्यंत 700 चाही. तेव्हा टीव्हीची चॅनेले खाली सरकवावी लागली आणि ही रंगांची शिस्त थोडी विस्कटली. शेजारी 4जी आल्यावर ज्यांचे चित्र बिघडले, त्यांना ॲन्टेनाच्या वायरीत बसवायच्या छोट्या गाळण्या वाटण्यात आल्या.

बिघाड शोधताना बहुतेक जण पहिला संशय टॉवरवर घेतात. प्रत्यक्षात गुन्हेगार सहसा घरातच सापडतो: पाणी शिरलेली कोॲक्सियल केबल, सैल झालेला प्लग, एका वायरीला तीन टीव्ही जोडणारा स्वस्त स्प्लिटर. आणखी एक चूक फार सर्रास होते, आणि ती करणाऱ्याला पटवणे अवघड जाते. चित्र तुटते म्हणून बूस्टर लावला जातो. मनोरा जवळ असेल तर संकेत आधीच जोरदार असतो. बूस्टरने तो इतका फुगतो की टीव्हीचा ट्यूनर गुदमरतो आणि होती ती चित्रेही जातात. अशा घरात उपाय उलटा असतो. बूस्टर काढायचा, प्रसंगी संकेत कमी करणारा ॲटेन्युएटर लावायचा.

हवामानाचा खेळही उलटाच. पावसाळी दिवशी टीव्ही बिघडेल असे वाटते, पण या लहरींना पावसाचा त्रास फारसा होत नाही. पावसात खरा त्रास उपग्रहाच्या छत्रीला. भूप्रसारणाचा शत्रू म्हणजे निवांत, निरभ्र, उच्च दाबाचा दिवस. जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला की लहरी त्याखाली अडकून क्षितिजापलीकडे शेकडो किलोमीटर जातात. एरवी न पोहोचणारा दूरचा ट्रान्समीटर आपल्याच चॅनेलावर येऊन बसतो. अशा वेळी रिमोट उचलून टीव्ही नव्याने ट्यून करणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण तेव्हा चुकीच्या मनोऱ्याची चॅनेले साठवली जातात. दोन दिवस थांबले की हवा बदलते आणि चित्र आपोआप परत येते.

चुकीचा मनोरा लागला, तर हरकत काय? वाहिन्या बऱ्याचशा त्याच असतात, पण बातम्या आपल्या राहत नाहीत. बीबीसी आणि आयटीव्ही यांची बातमीपत्रे प्रदेशवार वेगळी असतात. यॉर्क शहर दोन मनोऱ्यांच्या मधोमध आहे. नैर्ऋत्येला एम्ली मूर, उत्तरेला बिल्सडेल, दोन्ही पन्नासेक किलोमीटरवर. पहिला यॉर्कशायरच्या बातम्या देतो, तर दुसरा ईशान्य इंग्लंडच्या, न्यूकॅसल-मिडल्सबरोकडच्या. ॲन्टेना दोन्ही पकडत असेल, तर टीव्ही एका प्रदेशाला नेहमीचे क्रमांक देतो आणि दुसऱ्याला 800 च्या पुढे ढकलतो. आपल्या गावच्या बातम्या 800 नंतर सापडल्या की माणूस हाताने ट्यूनिंग करायला शिकतो.

सगळा प्रदेश एका खांबावर अवलंबून असण्याचा अर्थ काय, तो बिल्सडेलनेच दाखवला. 10 ऑगस्ट 2021 रोजी तिथल्या 314 मीटरच्या खांबाला आग लागली आणि ईशान्य इंग्लंडमधल्या लाखो घरांतला टीव्ही एका दुपारी गेला. जागा राष्ट्रीय उद्यानातली, संरक्षित माळरानाची. तात्पुरता खांब नेण्यासाठी वाट मिळवण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. 80 मीटरचा तात्पुरता खांब ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि नवा 300 मीटरचा 2023 मध्ये. मधल्या काळात अनेकांनी ॲन्टेना दुसऱ्या मनोऱ्याकडे फिरवले. काही दऱ्यांत तीही सोय नव्हती, आणि त्यांत एकटी राहणारी, इंटरनेट न वापरणारी वृद्ध माणसे बरीच होती.

भारतात हीच गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. वरळीचा 300 मीटरचा मनोरा मुंबईकरांच्या ओळखीचा, तर पुणेकरांना सिंहगडावरचा टॉवर शहरातून दिसतो. 1980 च्या दशकात दूरदर्शनने इतक्या झपाट्याने जाळे वाढवले की 1984 मध्ये सरासरी दिवसाला एक ट्रान्समीटर सुरू होत होता. तालुक्याच्या गावी 100 वॉटचा एलपीटी (कमी शक्तीचा ट्रान्समीटर) आला की आसपासच्या वाड्यांत बांबूंवर ॲन्टेना उगवत. पण घरोघरचे हे ॲन्टेना डिजिटल होण्याआधीच केबल आणि छत्रीने ते उतरवले. दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये 16 शहरांत डीव्हीबी-टी2 प्रसारण सुरू केले. त्यांत मुंबई होती आणि औरंगाबादही (आताचे छत्रपती संभाजीनगर). मोबाइलला डोंगल लावून पाच वाहिन्या फुकट पाहता याव्यात अशी ती कल्पना. ते डोंगल बाजारात फारसे दिसले नाहीत आणि ही सेवा आहे हे त्या शहरांतल्याही बहुतेकांना कळले नाही. माझ्या मते दोष तंत्राचा नव्हता. ग्रहण करणारे यंत्र लोकांच्या हाती देण्याआधीच प्रक्षेपण सुरू झाले, एवढेच. सीमाभागासारखी मोक्याची ठिकाणे वगळता देशातले ॲनालॉग ट्रान्समीटर मार्च 2022 पर्यंत बंद करण्यात आले. फुकट टीव्हीची जागा आज ‘डीडी फ्री डिश’ची छत्री चालवते, आणि तिचे तोंड कुठल्या डोंगरावरच्या टॉवरकडे नाही, आकाशाकडे असते.