बालसाक्षीदार

गुन्हा घडताना पाहिलेले किंवा स्वतः त्याचा बळी ठरलेले, आणि त्याबद्दल न्यायालयात साक्ष देणारे १८ वर्षांखालील मूल म्हणजे बालसाक्षीदार. गुन्हेपटांत असे मूल आरोपीकडे बोट दाखवते आणि खटला तिथेच संपतो. प्रत्यक्षात उलटतपासणी त्यानंतर सुरू होते, आणि तिच्यात मूल टिकणार की नाही हे बरेचसे पहिला जबाब कसा घेतला गेला यावर ठरलेले असते.

साक्षीसाठी किमान वयाची अट नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ११८ आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२४ यांची कसोटी एकच आहे: प्रश्न कळतो का, आणि त्याचे समंजस उत्तर देता येते का. मूल १२ वर्षांखालील असेल, खरे बोलायचे हे त्याला कळत असेल पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ४ नुसार शपथेवाचून साक्ष घेता येते.

या बाबतीत आजही आधाराला घेतला जाणारा ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य’ हा डिसेंबर १९५१ चा निकाल सर्वोच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. ते त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्या खटल्यात आठ वर्षांच्या मुलीची साक्ष शपथेविना झाली होती. शपथ राहून गेली म्हणून साक्ष बाद होत नाही, फार तर तिचे वजन कमी होईल, असे बोस यांनी ठरवले. मात्र खरे बोलण्याचे कर्तव्य मुलाला कळते असे मत न्यायाधीशाने कारणांसह नोंदवावे, असेही बजावले.

ही नोंद व्हावी म्हणून सरतपासणीपूर्वी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांपूर्वी) न्यायाधीश स्वतः पूर्वपरीक्षा घेतात: नाव, इयत्ता, शाळा कुठे, घरी कोण कोण, इथे कशाला आणले, खोटे बोलले तर काय होते. प्रश्नोत्तरे जशीच्या तशी उतरवून घेणे उत्तम. ‘मूल समंजस वाटते’ एवढ्या एका ओळीवर भागवले की अडचण अपिलात येते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या सत्र न्यायालयाने मूल समोर पाहिलेले असते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे फक्त कागद असतात.

१५ वर्षांखालील मुलाला किंवा कोणत्याही वयाच्या मुलीला जबाबासाठी राहत्या ठिकाणाबाहेर बोलावण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही (फौजदारी प्रक्रियेचा कायदा असलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). जबाबावर सही घेतली जात नाही. खरी चूक भाषेत होते. नागपूरच्या वस्तीतले मूल हिंदी-मराठी मिसळून, तुटक बोलते. कागदावर मात्र ‘सदर इसमाने धारदार हत्याराने वार केले’ असे येते. सहा वर्षांच्या तोंडी हे वाक्य बचाव पक्षाला आयतेच मिळते. म्हणून मुलाचेच शब्द ठेवावेत, ‘मग काय झालं?’ असे खुले प्रश्न विचारावेत आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नये. दुसऱ्यांदा विचारले की आपले आधीचे उत्तर चुकले असे समजून मूल ते बदलते. वेळ, अंतर आणि किती वेळा यांत लहान मुले हमखास गडबडतात. कोण होते आणि काय केले, यावर ती अधिक पक्की असतात. दंडाधिकाऱ्यासमोर याच संहितेच्या कलम १८३ खाली जबाब लवकर नोंदवला, तर पुढे मुलाला पढवल्याच्या आरोपाला जागा कमी उरते.

बचावाचा नेहमीचा मुद्दा हाच असतो: मूल पढवलेले आहे. मूल नातेवाइकांकडे राहते एवढ्याने ते सिद्ध होत नाही. सात वर्षांच्या मुलीने आईचा खून पाहिल्याच्या मध्य प्रदेशातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या मुद्द्याची फोड केली. साक्षीत नवी भर पडली असेल, तर आधीच्या जबाबातील वगळणूक, म्हणजे ती गोष्ट तिथे नव्हती हे, मुलासमोर ठेवून ती भर दाखवावी लागते. सगळीच साक्ष रचलेली असेल, तर शिकवण्याची संधी आणि शक्यता पुराव्यातून पुढे आणावी लागते. साक्ष विश्वासार्ह वाटली तर एकट्या मुलाच्या शब्दावरही शिक्षा होऊ शकते. दुजोरा शोधणे हा सावधगिरीचा भाग आहे, कायद्याची अट नाही.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत २०१२ च्या पोक्सो कायद्याने (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) नियम आणखी कडक केले. पोलीस गणवेशात येत नाहीत, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, मधे विश्रांती मिळते, आरोपी मुलाच्या नजरेस पडू दिला जात नाही आणि न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत साक्ष नोंदवणे अपेक्षित असते. खुनाच्या खटल्यातल्या मुलाला ही सगळी चौकट आपोआप लागू होत नाही. पडदा, वेगळी खोली किंवा दूरदृश्य साक्ष यांसाठी सरकारी वकिलाने वेळीच अर्ज केलेला बरा.

ओळखीची गुप्तता मात्र दोन्ही प्रकारच्या खटल्यांतल्या मुलांना आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार साक्षीदार मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नाव टाळून गल्ली, वडिलांचा व्यवसाय आणि मुलाची इयत्ता देणारी बातमीही याच कलमात अडकू शकते.