तीनशे मेशच्या पुढे

ज्वारी पेरणारा शेतकरी दुकानात नुसतं ‘गंधक द्या’ म्हणत नाही, ‘३०० मेशचं द्या’ म्हणतो. किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम चोळायचं, मग दाणे काणी या बुरशीच्या रोगाची धास्ती नाही. ३०० मेश म्हणजे इंचाला ३०० छिद्रांच्या चाळणीतून गेलेली पूड, कण फार तर ५० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पूड बारीक हवी, हे शिवारात जुनंच ज्ञान आहे. नॅनोवाले, म्हणजे बियाण्याच्या लेपासाठी अतिसूक्ष्म कण वापरणारे संशोधक, तोच धागा पुढे ओढतात. गंधकाऐवजी जस्ताचं किंवा तांब्याचं ऑक्साइड घेतात आणि कण करतात २५-३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग), म्हणजे दोनेक हजार पटींनी लहान.

त्याने काय साधतं? एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत चिरला, तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. जवळजवळ सहा गुंठे! माल तेवढाच, बुरशीला भिडणारी जागा दहा लाख पट.

भुईमुगाचं बी पाहा. शेंग फोडताना लाल साल जरा खरचटली, की जमिनीतली काळी अ‍ॅस्परजिलस बुरशी तिथूनच आत शिरते. रोप उगवतं, पण जमिनीलगत काळं पडून मान टाकतं. बियाण्यावर जस्ताच्या कणांचा लेप असेल, तर ओलाव्यात त्यातून जस्ताचे आयन सुटतात आणि बुरशीच्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम बिघडवतात. शिवाय कणांवर तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू पेशीचं आवरण फाडतात. हे रेणू प्रकाशात जास्त बनतात. टायटॅनियम डायऑक्साइडची तर मुख्य मदार त्यांच्यावरच, पण पेरलेलं बी असतं अंधारात! म्हणून बियाण्यासाठी मला जस्त आणि तांबंच जास्त भरवशाचं वाटतं.

तांब्याचा हा गुण फ्रान्सच्या बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी १८०७ मध्येच नोंदवला होता. तांब्याच्या भांड्यातून आलेल्या पाण्यात गव्हाच्या काणीचे बीजाणू रुजत नव्हते.

मात्रा चुकली की बीच मार खातं. भुईमुगावरच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात २५ नॅनोमीटरच्या झिंक ऑक्साइडने १००० पीपीएमला (दहा लाख भागांत हजार भाग) उगवण आणि रोपाचा जोम वाढवला. २००० पीपीएमला उलट वाढ खुंटली. दुसरी कटकट गोळे होण्याची. पाण्यात नीट ढवळले नाहीत तर कण एकमेकांना चिकटतात आणि सहा गुंठ्यांचा हिशेब तिथेच बुडतो. कोरडी पूड नाकातोंडात जाता कामा नये, हेही आहेच.

आणि ट्रायकोडर्माचं काय? बियाण्याला मुद्दाम लावतात ती मित्रबुरशी, पण तीही बुरशीच. मुळांवर गाठी करून नत्र देणारा रायझोबियम जिवाणूही जिवंत. आज आपण आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक लावतो. रासायनिक बुरशीनाशकाचा जोर काही दिवसांत ओसरतो, जस्त मात्र धातू आहे, ते विघटन होऊन नाहीसं होत नाही. अशा लेपावर रायझोबियम टिकतं का, हे तपासायला प्रयोगशाळेतली बशी पुरत नाही. तीन आठवड्यांनी रोप उपटून मुळावरच्या गाठी मोजाव्या लागतात.