परदेशी दाखवायच्या, घरी नाही : अमेरिकी सरकारी फिल्म्सची पार्श्वभूमी

अणुबॉम्ब पडला तर वर्गातल्या बाकाखाली कसे शिरायचे, हे मुलांना कार्टूनमधल्या कासवाचा दाखला देऊन शिकवणारी १९५१ची अमेरिकी फिल्म बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. पुराचे, बॉम्बफेकीचे, मोर्चांचे असे कितीतरी जुने अमेरिकी तुकडे आज कुणीही उतरवून घेतो आणि आपल्या व्हिडिओत चिकटवतो. ‘सरकारी आहे, म्हणजे फुकट आहे’ हा त्यामागचा हिशेब. तो बराचसा बरोबर आहे, पण त्यात गल्लत होते. खासगी कंपन्यांचे वार्तापट वेगळे आणि सरकारने काढलेल्या फिल्म्स वेगळ्या. शिवाय या दुसऱ्या ढिगातला बराच भाग असा की, ज्यांच्या कराच्या पैशांतून तो तयार झाला त्या अमेरिकनांनाच तो कित्येक वर्षे पाहायला मिळत नव्हता. या टिपणाचा भर त्या मनाईवर आहे. बाकीचा इतिहास लागेल तेवढाच.

वार्तापटांचा काळ थोडक्यात असा. अमेरिकेत नियमित वार्तापट १९११मध्ये सुरू झाला, १९२७मध्ये त्याला आवाज मिळाला आणि तिशीच्या दशकात पाच मोठ्या कंपन्या आठवड्यातून दोनदा नवा अंक थिएटरांत पाठवू लागल्या. दहा मिनिटांच्या आतबाहेरचा मामला. पूर, जहाजाचे जलावतरण, पोहण्याच्या पोशाखातल्या तरुणी, शेवटी घोड्यांची शर्यत नाहीतर बेसबॉल. प्रेक्षक सिनेमाला आलेला असे, बातमीला नव्हे. त्याचा मूड बिघडू द्यायचा नाही, हा थिएटरवाल्यांचा आग्रह आणि कंपन्यांचाही. टीव्ही आला आणि एकेक दुकान बंद होत गेले. शेवटचे दोन वार्तापट १९६७च्या अखेरीस थांबले.

मूड न बिघडवण्याच्या या धोरणाचे एक उदाहरण मात्र घाईने ओलांडून जाण्यासारखे नाही. ३० मे १९३७ रोजी शिकागोत एका पोलाद कारखान्याबाहेर संपकरी कामगार आणि पोलिस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दहा कामगार मेले. तिथे एका वार्तापट कंपनीचा कॅमेरामन हजर होता. नेमकी ठिणगी पडली त्या क्षणी तो कॅमेऱ्याची लेन्स बदलत होता, त्यामुळे पहिला वार कुणाचा हे फिल्ममध्ये नाही. पुढचे सगळे आहे: पाठ फिरवून पळणारी माणसे, त्यांच्या मागे लागलेले पोलिस, खाली पडलेल्यांवर चालूच राहिलेल्या लाठ्या. कंपनीने ही फिल्म थिएटरांत पाठवलीच नाही. अंधारात बसलेला जमाव भडकेल, दंगल होईल, असे कारण दिले. शेवटी सिनेटच्या एका समितीने ती मागवून घेतली, एका वृत्तपत्राने तिच्यात काय दिसते ते शब्दांत छापले आणि मगच ती लोकांसमोर आली. शिकागोत तर त्यानंतरही नाही. पोलिसांनी स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्याची कहाणी तोवर बहुतेक पेपरांतून फिरून झाली होती.

म्हणजे ‘खासगी, म्हणून मोकळे’ हे समीकरण फार ताणण्यात अर्थ नाही. पुढे १९४८च्या कायद्याच्या वेळी याच वृत्तधंद्याच्या मोकळेपणाची काळजी पुढे करण्यात आली, तेव्हा शिकागोची आठवण कुणी काढली नाही.

सरकारी फिल्म्स पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून आहेत. शेतकी खाते कीड, खत आणि दूधदुभत्यावर फिल्म्स काढी. युद्ध लागल्यावर प्रचारासाठी वेगळी समिती नेमली गेली आणि युद्ध संपताच गुंडाळली गेली. लोकांच्या लक्षात राहाव्यात अशा सरकारी फिल्म्स निघाल्या त्या महामंदीत. धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मैदानी मुलखावरची १९३६ची फिल्म सहा हजार डॉलरांत करायची ठरली आणि एकोणीस हजारांवर गेली. मोठ्या स्टुडिओंनी ती आपल्या थिएटरांत घेतली नाही: सरकार आमच्या धंद्यात स्पर्धक म्हणून उतरते आहे, ही तक्रार. काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, विरोधकांना तिच्यात निवडणुकीचा प्रचार दिसला. दोन वर्षांनी एक स्वतंत्र सरकारी फिल्म विभाग निघाला, पण १९४०मध्ये काँग्रेसने त्याचे पैसे बंद केले. दुसऱ्या महायुद्धातही तेच. १९४२मध्ये युद्धमाहितीची मोठी कचेरी उभी राहिली, तिने मुख्यतः परदेशांसाठी वार्तापटाचे २६७ अंक काढले. पण देशातल्या देशात काम करणाऱ्या शाखेचा निधी काँग्रेसने १९४३मध्येच छाटून टाकला.

लष्कराचे गणित याहून वेगळे होते. सैनिकांना आपण का लढतो ते समजावून सांगणाऱ्या सात फिल्म्सची मालिका लष्कराने काढली आणि त्यातल्या काही नागरिकांनाही दाखवल्या. पॅसिफिकमधल्या तरावाच्या लढाईवरच्या १९४४च्या फिल्ममध्ये पाण्यात तरंगणारी अमेरिकन प्रेते होती. ती दाखवायची की नाही हे खुद्द राष्ट्राध्यक्षांना ठरवावे लागले. त्यांनी दाखवू दिली. उलट १९४६मध्ये, युद्धाने मनाने कोलमडलेल्या सैनिकांवर लष्करानेच करवून घेतलेली फिल्म लष्करानेच दाबली. रुग्णांच्या खासगीपणाचे कारण पुढे केले गेले. दिग्दर्शकाला ते कधीच पटले नाही. ती लोकांना पाहायला मिळाली १९८०मध्ये.

आता मूळ मुद्दा. २७ जानेवारी १९४८ रोजी सही झालेल्या कायद्याने (दोन प्रायोजकांच्या नावांवरून तो स्मिथ-मंट कायदा म्हणून ओळखला जातो) परराष्ट्र खात्याला शांततेच्या काळातही परदेशांत अमेरिकेची माहिती पसरवण्याचा अधिकार मिळाला. छापील मजकूर, रेडिओ, फिल्म्स, सगळे त्यात आले. या कायद्याविषयी आज सर्रास सांगितले जाते ते असे: नाझी प्रचारमंत्री गोबेल्सचा अनुभव ताजा होता, म्हणून सरकारने स्वतःच्याच लोकांवर प्रचार करू नये यासाठी काँग्रेसने देशांतर्गत प्रदर्शनावर बंदी घातली. ऐकायला छान आहे. मूळ मजकुरात मात्र अशी सरळ बंदी सापडत नाही. तिथे एवढेच म्हटले होते की, परदेशात प्रसृत झालेली पत्रके आणि रेडिओची संहिता मागितल्यास वार्ताहरांना खात्यात येऊन इंग्रजीत पाहता येतील आणि काँग्रेस सदस्यांना मिळतील. फिल्मचा त्या ओळीत उल्लेखही नव्हता.

मग बंदीची कल्पना आली कुठून? दोन धाग्यांतून. पहिला अविश्वासाचा. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्टांना सहानुभूती असणारे लोक भरले आहेत, असे बऱ्याच सदस्यांना वाटत होते. कर्मचाऱ्यांची पोलिसी तपासणी करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. थोडक्यात, भीती सरकारी प्रचाराची कमी आणि ‘त्या खात्याची’ जास्त. दुसरा धागा धंद्याचा. १९४६च्या सुरुवातीलाच दोन मोठ्या वृत्तसंस्थांनी सरकारी नभोवाणीला बातम्या पुरवणे बंद केले होते. सरकारच बातम्या देऊ लागले तर आमचे काय, हा प्रश्न उघडपणे विचारला जात होता. लोकशाहीचे तत्त्व कुणाच्याच मनात नव्हते असे नाही. पण कायदा घडला तो या दोन काळज्यांपोटी, आणि तत्त्वाचा मुलामा त्यावर नंतर चढला, असेच कागदपत्रे वाचताना वाटते.

त्याच वर्षी मुंबईत आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले, आणि नियम नेमका उलटा होता: सरकारी वार्तापट दाखवल्याशिवाय थिएटरवाल्याला खेळ सुरू करता येत नसे, वर भाडेही त्यानेच भरायचे. मुख्य सिनेमाच्या आधी बाहेर भेळ खात रेंगाळलेल्या पिढीला हे सांगायला नको.

अमेरिकेत १९५३मध्ये परदेशी माहितीचे काम परराष्ट्र खात्याबाहेर काढून स्वतंत्र संस्थेकडे दिले. आपल्याकडच्या जुन्या वाचकांना ती ‘युसिस’ या नावाने आठवेल. बाहेरच्या देशांतल्या तिच्या कचेऱ्यांचे ते नाव. वाचनालये, मासिके, गावोगाव पडदा लावणाऱ्या गाड्या. देशोदेशींच्या भाषांत डब केलेल्या तिच्या फिल्म्स भारतातल्या शाळकरी मुलांनी पाहिल्या, अमेरिकेतल्या मुलांनी नाही. संस्थेने स्वतःहूनच ‘घरी दाखवायचे नाही’ असे ठरवून टाकले होते. १९६२मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पत्नीच्या भारत-पाकिस्तान दौऱ्याची रंगीत फिल्म एका खासगी वितरकाने अमेरिकी थिएटरांत लावली तेव्हा आरडाओरड झाली: परदेशासाठी म्हणून काढलेल्या फिल्मने मतदारांना मोहात पाडायचे? दोन वर्षांनी केनेडींच्या हत्येनंतर त्यांच्यावर निघालेली फिल्म लोकांना पाहायचीच होती. तिच्यासाठी काँग्रेसला १९६५मध्ये वेगळा ठराव करून अपवाद काढावा लागला.

गमतीचा भाग पुढे आहे. १९६७मध्ये संस्थेच्याच सल्लागार मंडळाने कायदा उघडून पाहिला आणि सांगून टाकले की असे दाखवायला कायद्यात स्पष्ट मनाई नाही. आधी सावधगिरी म्हणून पाळलेली गोष्ट पुढे धोरण होऊन बसली. ही संधी पकडली न्यूयॉर्कच्या एका सिनेटरने. १९६८मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले त्यावरची, ऑस्कर मिळालेली सरकारी फिल्म त्याने १९७२मध्ये आपल्या टीव्ही कार्यक्रमात लावली. परराष्ट्र समितीचा अध्यक्ष संतापला. न्यायखात्याने कौल या अध्यक्षाविरुद्ध दिला, म्हणजे दाखवायला हरकत नाही असा. मग अध्यक्षाने कायदाच बदलून घेतला. चोवीस वर्षांपूर्वी ज्या कायद्यात बंदी होती असे सगळे समजत होते, त्यात ती खऱ्या अर्थाने घातली गेली १९७२मध्ये, आणि तीही एका सिनेटरने दुसऱ्यावर केलेल्या कुरघोडीतून.

नव्या शब्दरचनेत सगळा खेळ दोन क्रियापदांचा होता. ‘प्रसार’ देशात करायचा नाही. ‘अवलोकन’ मात्र करू द्यायचे. सोप्या मराठीत: पाहता येईल, दाखवता येणार नाही. पत्रकाराने, अभ्यासकाने वॉशिंग्टनला जायचे, खोलीत बसून मजकूर वाचायचा किंवा फिल्म पाहायची, आणि हात हलवत परत यायचे. प्रत मिळणार नाही. आयोवातल्या एका संपादकाने सरकारी नभोवाणीची संपादकीये छापायला मागितली तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. १९८९च्या निकालाचा मथितार्थ असा की, हाती आलेला मजकूर छापायला संपादकाला कुणी अडवू शकत नाही, पण तो त्याच्या हाती देण्याचे बंधन सरकारवर नाही. त्याआधी १९८५मध्ये बंदी आणखी आवळली होती. सैल झाली १९९०मध्ये: परदेशात दाखवून बारा वर्षे झाली की फिल्म राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाईल आणि तिथून कुणालाही मिळेल. बाराच का? निवडणुकांच्या तीन फेऱ्या मधे जाव्यात, असा अर्थ त्यातून काढता येतो, पण कायद्यात कारण दिलेले नाही.

हक्कांच्या प्रश्नाचा या बंदीशी संबंध नाही, तरी दोन्ही एकत्र सांगितले जातात. सरकारी कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीवर अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो, हे तत्त्व १८९५च्या छपाई कायद्यापासूनचे. म्हणजे परदेशी माहितीच्या कित्येक फिल्म्स एकाच वेळी हक्कमुक्तही होत्या आणि हाती न लागणाऱ्याही. ठेका देऊन बाहेरच्या कंपनीकडून करवून घेतलेल्या फिल्मला ते तत्त्व आपोआप लागू होत नाही; सुरुवातीला उल्लेखिलेले कासव एका खासगी कंपनीचे होते. वार्तापटांचे तर सगळे निराळे. एका कंपनीने सत्तरीच्या दशकात आपला संग्रह हक्कांवर पाणी सोडून सरकारला दिला, म्हणून तो आज सगळीकडे दिसतो. दुसऱ्या दोन संग्रहांच्या फिती विद्यापीठांकडे गेल्या.

दान आलेल्या त्या पहिल्या संग्रहाचे काय झाले हेही सांगायला हवे. फिती नायट्रेटच्या, जुन्या झाल्या की चिकट होतात, भुकटी होते, आणि पेटल्या तर पाण्यानेही विझत नाहीत, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्यांच्यातूनच सुटतो. ७ डिसेंबर १९७८ रोजी मेरीलँडमधल्या सूटलंडच्या गोदामात आग लागली आणि सुमारे सव्वा कोटी फूट फिल्म गेली. गेले ते मुख्यतः कापून बाजूला ठेवलेले तुकडे. थिएटरात लागलेले अंक बरेचसे वाचले. म्हणून आज त्या काळाकडे पाहताना आपल्याला दिसते ते संपादकाने ठेवलेले. त्याने काय वगळले हे शोधायला गेलो तर हाती राख येते.

परदेशी माहितीची संस्था १९९९मध्ये बरखास्त झाली. इंटरनेटवर तिच्या वारसदारांचा मजकूर कुणालाही दिसू लागल्यावर देशी-परदेशी हा भेदच हास्यास्पद झाला होता. तरी कायदा बदलायला २ जुलै २०१३ उजाडला. आता मागणी आली तर देशातही देता येते. टीकाकार त्याला ‘प्रचाराची बंदी उठली’ म्हणतात. हे वाक्य १९४८च्या गैरसमजाचेच पुढचे पान आहे: बंदी एका खात्याच्या, परदेशासाठी केलेल्या साहित्यावर होती. लष्कर, शेतकी खाते, अवकाशसंस्था यांना ती कधीच लागू नव्हती.

त्याच २०१३मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने एका फिल्मची दुरुस्त केलेली प्रत लोकांसमोर ठेवली. २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चावरची, १९६४मध्ये परदेशी प्रेक्षकांसाठी काढलेली, सुमारे अर्ध्या तासाची. मोठी भाषणे शेवटाकडे येतात. आधी चर्चमध्ये सँडविचे बांधणारे हात, बसमध्ये डुलक्या काढणारे लोक, गाणी, थकलेले पाय. देशाची अब्रू बाहेर कशाला घालवता, अशी तक्रार काँग्रेसमधून आली तेव्हा फिल्मच्या सुरुवातीला संस्थेच्या संचालकाचे निवेदन जोडण्यात आले: असा मोर्चा निघू शकतो हेच आमच्या लोकशाहीचे लक्षण. निवेदन परदेशी प्रेक्षकांना उद्देशून आहे. मोर्चात चाललेल्या अडीच लाखांना स्वतःची फिल्म कायद्याने पाहता येईपर्यंत सव्वीस वर्षे गेली होती.