बुधवारच्या देवाचा बांध

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, बाथ शहराला लागून, १ एप्रिल १९७४ रोजी एक नवा जिल्हा अस्तित्वात आला. नाव वॉन्सडाइक. जिल्हा म्हटलं तरी आवाका आपल्या तालुक्याएवढाच. केन्शम हे गाव, नॉर्टन-रॅडस्टॉकचा कोळसा खाणींचा पट्टा आणि बाथॲव्हन, क्लटन या ग्रामीण विभागांतली खेडी सरकारने एका मोळीत बांधली होती. अशा वेळी एका गावाचं नाव दिलं की शेजारचं गाव रुसतं. त्या वर्षी देशभरात अनेक नव्या परिषदांनी डोंगर, नद्या आणि जुन्या परगण्यांची नावं उचलली: श्रॉपशरमध्ये रेकिन हा डोंगर, नॉर्थम्बरलंडमध्ये वान्सबेक ही नदी, कॉर्नवॉलमध्ये पेनविथ हा परगणा. वॉन्सडाइकच्या वाट्याला आला एक मातीचा बांध, आणि त्या बांधासोबत एक देव.

दहाव्या शतकातल्या जमिनीच्या सनदांमध्ये या बांधाचा उल्लेख शिवेची खूण म्हणून येतो. तिथे त्याचं नाव आहे ‘वोडनेस डीच’, म्हणजे वोडनचा बांध. हजार वर्षं लोकांच्या तोंडात घासून घासून ‘वोडनेस’चं ‘वॉन्स’ झालं. नाव बोलताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो, मधली अक्षरं हळूहळू गिळली जातात आणि मग देव ओळखूसुद्धा येत नाही.

हा वोडन कोण? ख्रिस्ती होण्याआधीच्या अँग्लो-सॅक्सन लोकांचा मोठा देव, स्कँडिनेव्हियातल्या ओडिनचाच भाऊबंद. ‘वेन्झडे’ हा त्याचाच वार. रोमनांनी तो वार मर्क्युरीला, म्हणजे बुध ग्रहाच्या देवाला दिला होता. जर्मानिक लोकांनी वार घेतले, पण मर्क्युरीच्या जागी आपला वोडन बसवला. आपल्याकडे तो बुधवारच राहिला. म्हणजे ऑफिसच्या कॅलेंडरवर ‘वेन्झडे’ वाचणारा मराठी माणूस या बांधाच्या धन्याचं नाव आठवड्यातून एकदा घेतोच.

‘डाइक’ची गोष्ट तर भाषाशास्त्राच्या वर्गात सांगावी अशी आहे. आजच्या इंग्रजीत ‘डाइक’ म्हणजे बहुधा बांध आणि ‘डिच’ म्हणजे चर. पण मुळात दोन्ही एकच शब्द. ते साहजिकही आहे. चर खणला की माती बाजूला पडते, आणि पडलेल्या मातीचा बांध होतो. एका कुदळीचीच ही दोन कामं. क-च्या जागी च कसा आला, हे मराठी वाचकाला समजायला सोपं आहे. ‘पाक’ आणि ‘पचन’, ‘शोक’ आणि ‘शोचनीय’ उच्चारून पाहा. ‘क’ म्हणताना जीभ मागे टेकते. शेजारी इ किंवा ए सारखा पुढचा स्वर आला की जीभ पुढे ओढली जाते आणि ‘क’ सरकत ‘च’कडे जातो. दक्षिण इंग्लंडमध्ये जुन्या ‘डीक’चं असंच ‘डिच’ झालं. उत्तरेत, जिथे नॉर्स ही स्कँडिनेव्हियातली भाषा बोलणारे वसले होते, तिथे ‘क’ टिकला.

आता खुद्द बांध. त्याचे दोन तुकडे आहेत. पश्चिमेचा तुकडा माएस नॉल या लोहयुगीन टेकडीकोटापासून बाथच्या दक्षिणेकडे जातो. पूर्वेचा विल्टशरच्या चुनखडीच्या माळावरून सॅव्हरनेकच्या जंगलाकडे जातो, आणि तोच जास्त भव्य आहे: काही ठिकाणी बांध चार मीटर उंच, शेजारचा चर अडीच मीटर खोल. गंमत म्हणजे हा देखणा तुकडा वॉन्सडाइक जिल्ह्यात नव्हताच! मधल्या पट्ट्यात जुना रोमन रस्ता आहे. दोन्ही तुकडे एकाच काळातले, एकाच हेतूने उभारलेले होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

एक गोष्ट मात्र जमिनीवरच वाचता येते. चर उत्तरेला आहे, बांध दक्षिणेला. येणाऱ्याला आधी खड्ड्यात उतरायला लावायचं आणि मग चढण चढवायची, हा हिशोब. म्हणजे बांधणारे दक्षिणेला होते आणि त्यांची नजर उत्तरेकडे होती.

वय शोधून काढलं ते निवृत्त लष्करी अधिकारी ऑगस्टस पिट-रिव्हर्स यांनी. खणलेल्या जागी तळाशी स्वतःच्या नावाचा धातूचा बिल्ला पुरून ठेवण्याची या गृहस्थांना सवय होती, पुढच्या खणणाऱ्याला कळावं की इथे आधी कोणी येऊन गेलंय. १८८९ ते १८९१ या काळात त्यांनी पूर्वेचा बांध आडवा कापला, तेव्हा मातीखाली रोमन काळातली खापरं मिळाली. तर्क साधा आहे: गादीखाली सापडलेलं नाणं गादी घालण्याआधीच तिथे पडलेलं असतं. खापरं रोमन, तेव्हा बांध रोमन काळातला किंवा त्यानंतरचा. दुसऱ्या टोकाला त्या दहाव्या शतकातल्या सनदा. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी हे काम झालं.

मग वोडन कुठून आला? माझ्या मते नावातच उत्तराचा अर्धा भाग आहे. बांधणाऱ्यांनी आपल्या कामाला ‘आमचा बांध’ किंवा आपल्या राजाचं नाव दिलं असतं. इतकी माती माणसांनी हलवली यावर ज्यांचा विश्वास बसत नाही, ते लोक देवाचं नाव देतात. आपल्याकडे नाशिकची बौद्ध लेणी पांडवलेणी झाली ती अशीच. इंग्लंडमध्ये ‘ग्रिमचा चर’ नावाची कितीतरी ठिकाणं आहेत. ग्रिम म्हणजे मुखवटेवाला, वोडनचंच टोपणनाव. धर्म बदलल्यावर अशी कामं सैतानाच्या खात्यावर जमा होऊ लागली. केंब्रिजशरमध्ये ‘डेव्हिल्स डाइक’ आहे तो त्याच रांगेतला.

वॉन्सडाइक जिल्हा १ एप्रिल १९९६ रोजी बाथ शहरासोबत नव्या ‘बाथ अँड नॉर्थ ईस्ट सॉमरसेट’मध्ये विलीन झाला. नव्या नावात दिशा आहे, शहर आहे, देव नाही. वॉन्सडाइक नावाचा संसदीय मतदारसंघ २०१० पर्यंत टिकला, मग तोही गेला. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याच्या नकाशांवर पुरातन अवशेषांसाठी जुन्या वळणाची गॉथिक अक्षरं वापरतात. त्या अक्षरांत ‘वॉन्सडाइक’ अजून छापलं जातं, जिल्ह्याच्या सीमारेषेशिवाय.