सांस्कृतिक बुद्धिमत्ता आणि विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य : एका संकल्पनेची पार्श्वभूमी

परक्या संस्कृतीत राहायला गेलेल्या माणसाचे मन का खचते, हा प्रश्न सांस्कृतिक बुद्धिमत्ता (अनोळखी संस्कृतीतल्या माणसांशी जुळवून घेण्याची क्षमता) या संकल्पनेपेक्षा बराच जुना आहे, आणि त्याची वेळोवेळी दिली गेलेली उत्तरे पाहिली की दोष कोणाच्या पदरी टाकला जात होता हेही ध्यानात येते. ओर्नुल्व ओडेगार्ड या नॉर्वेजियन मानसोपचारतज्ज्ञाने १९३२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात गेलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात मायदेशातल्यापेक्षा जास्त होते, आणि ज्यांचा कल मुळातच आजाराकडे असतो तेच देश सोडतात, अशी त्याची उपपत्ती लावली गेली. नव्या समाजात रोज काय सोसावे लागते, याला त्या उपपत्तीत फारसे स्थान नव्हते.

ते स्थान मानवशास्त्राने दिले. मानवशास्त्रज्ञ कॅलेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथे ‘सांस्कृतिक धक्का’ या विषयावर व्याख्यान दिले. ते १९६० मध्ये छापून आले. हस्तांदोलन केव्हा करावे, निमंत्रण केव्हा स्वीकारावे, कोणते बोलणे मनावर घ्यावे आणि कोणते सोडून द्यावे, अशा असंख्य बारीक खुणांच्या आधाराने माणूस निर्धास्त वावरत असतो आणि त्या खुणा एकाएकी नाहीशा झाल्या की तो कासावीस होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. भाषा मात्र वैद्यकाचीच राहिली, कारण या अवस्थेला त्यांनी परदेशी गेलेल्यांचा जणू व्यवसायजन्य आजार म्हटले.

विद्यार्थी आणि अभ्यासक या चर्चेच्या केंद्रस्थानी आले ते १९४६ मध्ये सुरू झालेल्या फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीमुळे. अमेरिकेत राहून परतलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून स्वेर्र लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये दाखवले की सुरुवातीचा उत्साह ओसरून सुमारे सहा ते अठरा महिन्यांच्या काळात एकटेपणा सर्वाधिक जाणवतो आणि पुढे माणूस सावरतो. यू अक्षरासारखी ही वक्ररेषा पुढची अनेक दशके पाठ्यपुस्तकांत राहिली. परंतु लिसगार्ड यांनी एकाच व्यक्तीचा महिनोन्‌महिने मागोवा घेतला नव्हता, तर कमीअधिक काळ राहून आलेल्या वेगवेगळ्या व्यक्तींची तुलना केली होती. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पाहणी पहिल्या २४ तासांपासून वर्षभर केली, तेव्हा अडचणी अगदी आरंभीच सर्वांत जास्त असल्याचे १९९८ मध्ये समोर आले. आरंभीचा आनंदकाळ गृहीत धरून मदत उशिरा पोहोचवणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाने या निष्कर्षाची गांभीर्याने दखल घ्यायला हवी, असे मला वाटते.

दरम्यान मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी परसंस्कृतिग्रहणातून, म्हणजे दुसऱ्या संस्कृतीच्या चालीरीती अंगी बाणवताना, येणाऱ्या ताणाची कल्पना विकसित केली होती. लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताण म्हणजे परिस्थितीची मागणी आणि आपले बळ यांविषयी माणसाने मनाशी केलेला अंदाज, असा विचार मांडला आणि ‘आजार’ हा शब्द मागे पडून ‘सामना करण्याचे बळ’ हा विषय पुढे आला. मग हे बळ शिकता येते का, असे विचारले जाणे ओघानेच आले.

ख्रिस्तोफर अर्ली आणि सून आंग यांनी २००३ मध्ये मांडलेली सांस्कृतिक बुद्धिमत्ता याच प्रश्नाला उत्तर देते, पण तिचा जन्म व्यवस्थापनशास्त्रात झाला. परदेशी नेमलेला अधिकारी यशस्वी का होतो, ही तिची मूळ चिंता होती. तिच्या चार अंगांपैकी पहिले म्हणजे आपण समोरच्याला कसे समजून घेत आहोत यावर लक्ष ठेवणे. इतर तीन म्हणजे त्या संस्कृतीचे ज्ञान, मिसळण्याची इच्छा आणि वागण्याबोलण्यात बदल करण्याची क्षमता. आंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये यासाठी २० विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. नव्या जागी रुळण्याशी त्यांना ज्ञानाचा नव्हे, तर इच्छेचा आणि वर्तनाचा संबंध आढळला. नुसती माहितीपत्रके वाटून स्वागत आटोपण्याच्या प्रथेला याहून स्पष्ट आक्षेप क्वचितच मिळेल. मात्र २००९ मध्ये वॉर्ड यांच्याच गटाने न्यूझीलंडमधील परदेशी विद्यार्थ्यांवर ही प्रश्नावली तपासली असता, भावनिक बुद्धिमत्तेच्या (स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून हाताळण्याच्या क्षमतेच्या) मोजमापाहून ती वेगळे काही सांगते असे त्यांना दिसले नाही. शिवाय विद्यार्थी स्वतःच स्वतःला गुण देतो, आणि खचलेला माणूस ते कमीच देण्याची शक्यता असते. म्हणून कमी गुण हे खचण्याचे कारण की परिणाम, हे एकदाच भरून घेतलेल्या उत्तरांतून ठरवता येत नाही.

ओझे एकट्या विद्यार्थ्यावर टाकण्याची जुनी सवय या प्रश्नावलीतही शिल्लक आहे, हा माझा मुख्य आक्षेप आहे. आठ देशांतील १९ उच्चशिक्षण संस्थांतल्या जवळपास १४ हजार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या पाहणीत, ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी निदान एका मानसिक विकाराची लक्षणे दिसल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या मोठ्या संख्येला सामोरे जाणारा समुपदेशकही कोणत्यातरी संस्कृतीतच वाढलेला असतो. मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० मध्ये चीनमधील हुनान येथे मज्जातंतूंच्या दुर्बलतेचे (‘न्यूरास्थेनिया’ या थकव्याच्या विकाराचे) निदान झालेल्या १०० रुग्णांना तपासले, तेव्हा त्यांतील ८७ जणांना तीव्र नैराश्य असल्याचे आढळले; तक्रारी मात्र प्रामुख्याने डोकेदुखी आणि निद्रानाशाच्या होत्या. डोके दुखते म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यात आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला गोळी देऊन परत पाठवायचे की थोडे बसवून घेऊन बोलायचे, हे ठरवताना सांस्कृतिक बुद्धिमत्तेच्या त्या चार अंगांची परीक्षा टेबलाच्या पलीकडे बसलेल्या व्यक्तीचीही होत असते.